सात दिवसांत अख्खी श्रीलंका नको, अर्धीच बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मे महिन्याच्या सुट्टीसाठी सात दिवसांत संपूर्ण श्रीलंका कशी बघायची यावर लेख आला होता, सोबत नकाशाही होता, त्यात कोलंबोपासून बाण निघून अनुराधापुरा, सिगिरिया, त्रिंकोमाली, कँडी, नुवारा एलिया, एल्ला, यालाचं जंगल, मिरिसा, गॉल असा सगळ्या बेटाला वळसा घालून परत कोलंबोला आला होता. फोटो छानच होते. पण आमच्या साताऱ्यातल्या दोन-तीन कुटुंबांनी तो कागद कापून ठेवलाय आणि त्यावरून बुकिंग करायला निघालेत म्हणून हे पत्र. मी श्रीलंकेत बऱ्याचदा गेलेय, नातेवाइकांच्या ट्रिपा आखून देते, आणि मला हे मनापासून सांगायचंय की हा प्लॅन कुणी करू नका, त्यात माणूस फक्त गाडीत बसून राहतो आणि निम्म्या ठिकाणी पाऊस बघतो.

आधी पावसाचं सांगते कारण लेखात त्यावर एक ओळही नव्हती. श्रीलंकेला दोन मान्सून आहेत. एक आपलाच नैऋत्य मान्सून, तो मेच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत कोलंबो, गॉल, मिरिसा, नुवारा एलिया या बाजूला कोसळतो, आणि दुसरा ईशान्येकडचा, डिसेंबर ते फेब्रुवारी, तो त्रिंकोमाली, बट्टिकलोआ या बाजूला येतो. मधे डोंगर आहेत, सगळ्यात उंच पिदुरुतालागला २,५२४ मीटर, ते ढग अडवतात. आम्हा सातारकरांना हे समजावून सांगावं लागत नाही, महाबळेश्वरात धो धो चालू असतो तेव्हा म्हसवडला लोक आभाळाकडे बघत बसलेले असतात, तसंच तिथे, फक्त सहा महिन्यांनी बाजू बदलते. म्हणजे मे महिन्यात मिरिसाच्या बीचवर जायचं आणि तिथे व्हेल बघायचे हे जे आपल्या लेखात सहाव्या दिवशी लिहिलंय ते मेच्या शेवटी जाणाऱ्याने विसरावं, समुद्र खवळलेला असतो, तिकडचा व्हेलचा सीझन नोव्हेंबर ते एप्रिल. त्याच वेळी पलीकडे त्रिंकोमालीला समुद्र शांत आणि निळाशार असतो आणि व्हेलसुद्धा त्याच बाजूला दिसतात.

दुसरी गोष्ट अंतरांची. नकाशात बेट एवढंसं दिसतं, क्षेत्रफळ ६५,६१० चौरस किलोमीटर म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास, त्यामुळे लोकांना वाटतं की काय, होईल की फिरून. पण कोलंबो ते गॉल-मातारा एक्सप्रेसवे सोडला तर पर्यटक ज्या रस्त्यांनी फिरतात ते बहुतेक दोन लेनचे, गावागावातून जाणारे, डोंगरात तर वळणंच वळणं. कोलंबो-कँडी ११५ किलोमीटर, साडेतीन तास धरा. कँडी-नुवारा एलिया ऐंशीपेक्षाही कमी, तरी तीन तास. ताशी पस्तीस-चाळीसचा हिशोब करा, मोबाईलवरचा नकाशा सांगतो त्यात तासभर वाढवा, आणि मग बघा तुमच्या सात दिवसांतले किती तास खिडकीबाहेर बघण्यात जातात ते. आणि गाडी चालवणारा माणूस असतो हो, रोज दहा-दहा तास घाटात गाडी चालवून रात्री तो झोपतो कुठे हे कुणी विचारत नाही. तिथल्या बऱ्याच हॉटेलांत ड्रायव्हरसाठी वेगळी खोली असते, काही ठिकाणी नसते, मग तो बिचारा गाडीतच पडतो आणि सकाळी तुमची सगळी फॅमिली त्याच्या हातात. बुकिंग करतानाच ड्रायव्हररूम आहे का हे विचारा, हा प्रश्न आपल्या पुरवणीतही छापा.

मग मेमध्ये जाणाऱ्याने करायचं काय तर पूर्व अर्धं घ्यायचं. विमानतळ कोलंबोत नाहीच, कटुनायकेला आहे, निगोंबोच्या शेजारी, त्यामुळे कोलंबोत शिरायचंच नाही, सकाळी उतरलात तर थेट हबरणा किंवा सिगिरिया गाठा, चार तास लागतात. तिथे तीन रात्री एकाच खोलीत राहा. रोज बॅगा भरणं आणि उघडणं यातच आई-वडील दमतात, डोंगर चढून नाही एवढे. एक सकाळ सिगिरियाला, पाचव्या शतकात कश्यप राजाने एका उभ्या खडकावर महाल बांधला, साधारण १,२०० पायऱ्या, दरवाजा उघडतो त्यावेळीच चढायला लागा, नऊनंतर खडक तापतो. सार्क देशांच्या नागरिकांना तिकिटात सवलत असते, पासपोर्ट जवळ ठेवा. गुडघे दुखणाऱ्यांनी खालच्या बागा आणि पाण्याची कुंडं बघत बसावं, त्याही तेवढ्याच जुन्या आणि बघण्यासारख्या आहेत. दुसरा दिवस पोलोन्नरुवा, आणि इथे जरा थांबते कारण इथे लोक अर्ध्या तासात फोटो काढून निघतात.

पोलोन्नरुवाला गल विहार म्हणून जागा आहे, बाराव्या शतकात पराक्रमबाहू राजाच्या वेळी ग्रॅनाइटच्या एकाच सलग खडकात कोरलेल्या बुद्धाच्या मूर्ती, त्यातली निजलेली मूर्ती चौदा मीटर लांब. तिच्या डोक्याखालची उशी बघा. दगडाची उशी, पण डोक्याच्या भाराने जरा दबलेली दाखवलीय, खरंच कापूस भरल्यासारखी, आणि दोन पावलं अगदी एकावर एक नाहीत, वरचं किंचित मागे सरकलंय, जाणकार म्हणतात त्यावरून हे झोपणं नसून महापरिनिर्वाण आहे. खडकातल्या रंगाच्या लाटा चेहऱ्यावरून तशाच गेल्यात. हे सगळं दिसायला पंधरा मिनिटं शांत उभं राहावं लागतं. चपला बाहेर काढाव्या लागतात आणि मेमध्ये दुपारी दगड-वाळू इतकी तापते की लोक पळत सुटतात, म्हणून जाड मोजे बरोबर ठेवा, मोजे चालतात. खांदे-गुडघे झाकलेले हवेत, आणि बुद्धाकडे पाठ करून सेल्फी अजिबात नको, तिथे तो अपमान समजतात आणि गार्ड लगेच येऊन सांगतो. आपल्या मंडळींना हे आधी कळलं तर ते आनंदाने पाळतील, पण कुणी सांगायला तर हवं ना.

नंतर दोन रात्री त्रिंकोमाली, उप्पुवेली किंवा निलावेलीचा किनारा. स्वामी रॉकवर कोणेश्वरम हे शंकराचं देऊळ, जुनं देऊळ सतराव्या शतकात पोर्तुगीजांनी पाडलं, आताचं नंतरचं, पण जागा तीच, खाली सरळ समुद्र आणि कड्याला एक उभी चीर, ती रावणाच्या तलवारीने पडली असं तिथले तमिळ लोक सांगतात. रामायणासाठी जाणाऱ्या आपल्या लोकांना पॅकेजवाले नुवारा एलियाजवळच्या सीता अम्मन मंदिरापर्यंत नेतातच नेतात, त्यांनी मेच्या ट्रिपमध्ये कोणेश्वरम बघावं, तितकंच समाधान मिळेल. मग एक रात्र कँडी, बुद्धाचा दात जपलेल्या दंतमंदिराची संध्याकाळची पूजा, आणि शेवटची रात्र निगोंबो म्हणजे विमान चुकायची भीती नाही. आणि वैशाख पौर्णिमा मधे आली तर ट्रिप दोन दिवस मागे-पुढे करून ती साधाच, वेसाक म्हणतात, घराघरावर कागदी आकाशकंदील लागतात आणि रस्त्यारस्त्यावर दंसल म्हणजे फुकट अन्नदानाचे मांडव, सरबत नाहीतर जेवण हातात देतात, कुठून आलात विचारतसुद्धा नाहीत. त्या दिवसांत गर्दी आणि ट्रॅफिक मात्र भरपूर, लांबचा प्रवास ठेवू नका. पौर्णिमा तिथे दर महिन्याला सरकारी सुट्टी असते, त्या दिवशी दारू मिळत नाही, हेही माहीत असू द्या.

नाताळच्या सुट्टीत जाणाऱ्याने याच्या उलट. कँडी, मग रेल्वेने एल्ला, तिथून खाली यालाचं जंगल आणि शेवटी गॉलचा किल्ला नि मिरिसा, परत एक्सप्रेसवेने विमानतळ. एल्लाच्या बाजूला डिसेंबरात पाऊस असू शकतो, छत्री लागेलच. रेल्वेबद्दल महत्त्वाचं, २०२५ च्या नोव्हेंबरअखेर आलेल्या दितवा चक्रीवादळाने डोंगरातल्या रस्त्यांचं आणि रेल्वेलाईनचं फार मोठं नुकसान केलं, माणसं गेली, गावं दरडीखाली आली, म्हणून कँडीपासून एल्लापर्यंत गाडी सलग चालू आहे का तुकड्यातुकड्यात हे तिथल्या गेस्टहाऊसवाल्यांना आधी विचारा. पूर्ण प्रवास सहा-सात तासांचा, लहान मुलं असतील तर नुवारा एलियाजवळच्या नानू ओया स्टेशनपासून एल्लापर्यंत तीनएक तास पुरे, चहाचे मळे त्यातच येतात. दिवाळीत जाणाऱ्यांना दोन्ही किनाऱ्यांची खात्री नाही, ऑक्टोबर-नोव्हेंबरात दुपारनंतर वीज-पाऊस ठरलेलाच, बघायचं ते सकाळी बघून घ्यायचं.

खाण्याबद्दल लेखात लिहिलं होतं की शाकाहारींची अजिबात अडचण नाही. आहे हो. गेस्टहाऊसच्या नाश्त्याला ताटात इंडिअप्पम म्हणजे तांदळाच्या वाफवलेल्या शेवया, पारिप्पू म्हणजे नारळाच्या दुधातलं मसुराचं वरण, आणि लालभडक पोल सांबोल, आपल्या ओल्या खोबऱ्याच्या चटणीसारखं दिसतं, माणूस निर्धास्त वाढून घेतो. त्यात बहुतेक वेळा उंबलकड कुटून घातलेलं असतं, म्हणजे सुकवलेला टुना मासा, बारीक चुरा, दिसतही नाही. भाज्यांतही घालतात. त्यांच्या दृष्टीने ते मीठ-मसाल्यात जमा, फसवायचा हेतू नसतो, म्हणून नुसतं व्हेज म्हणून भागत नाही, उंबलकड नको असं नाव घेऊन सांगायचं, लगेच समजतात आणि वेगळं करून देतात. माझ्या सासूबाई माळकरी, त्यांच्यासाठी दर ठिकाणी हे सांगितलं आणि एकाही स्वयंपाकघरात कुणी कटकट केली नाही, उलट एका काकूंनी समोर बसून नवं खोबरं खवून दिलं.

संपादक महोदय, माझी विनंती एवढीच की सुट्टीच्या आधी पुरवणीत एक दुरुस्ती छापा, मेमध्ये जाणाऱ्यांसाठी पूर्व बाजू आणि नाताळात जाणाऱ्यांसाठी दक्षिण बाजू असे दोन वेगळे नकाशे द्या, प्रत्येक टप्प्याला किलोमीटरऐवजी तास लिहा. आणि त्रिंकोमालीच्या किनाऱ्यावर घरातल्या दोन-तीन खोल्या पाहुण्यांना देणारी कुटुंबं आहेत, २०२२ च्या आर्थिक संकटात त्यांचे फार हाल झाले, मोठ्या बसचं पॅकेज त्यांच्या दारात थांबत नाही, त्यांच्याबद्दलही पुढच्या लेखात चार ओळी येऊ द्या.

आपली नियमित वाचक,
सातारा