तरुणांची वाहिनी आणि आजीच्या उशीखालचा रिमोट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘हल्लीची मुले टीव्ही बघतच नाहीत, मग त्यांच्यासाठी वेगळी वाहिनी हवी कशाला?’ हा प्रश्न इतक्या सहजपणे विचारला जातो, की त्यात कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे तपासण्याच्या भानगडीत कुणी पडत नाही. तरुणांची म्हणवणारी एक वाहिनी आमच्या घरात आली आणि गेली, ती मी जवळून पाहिली, म्हणून हे पत्र.

गाण्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या ‘चॅनल व्ही’ने 2012 च्या जुलैत गाणी बाजूला ठेवून कॉलेजातल्या मुलामुलींच्या मालिका लावायला सुरुवात केली. मेकॅनिकल इंजिनीअर होण्यासाठी घरच्यांशी झगडणाऱ्या मुलीची ‘साड्डा हक’ त्यातलीच. माझी मुलगी तेव्हा बारावीत होती. लालबागच्या आमच्या दोन खोल्यांत टीव्ही एकच आणि तिन्हीसांजेनंतर रिमोट माझ्या आईच्या उशीखाली. आई देवळात गेली, की मुलगी रिमोट काढायची, आवाज अगदी बारीक ठेवायची आणि जिन्यावर आजीच्या चपला वाजल्या, की पडद्यावर पुन्हा सासू-सुना हजर! राहिलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी मैत्रिणीकडून कळे. या मुलीला टीव्ही बघायचा नव्हता, असे कसे म्हणायचे?

वाहिनीचा हिशेब मात्र अशा चोरट्या दहा मिनिटांवर चालत नाही. प्रेक्षकसंख्या मोजण्यासाठी निवडक घरांत मीटर बसवलेले असतात (2020 च्या सुमारास देशभरात अशी सुमारे 44 हजार घरे होती) आणि घरातल्या प्रत्येकाने टीव्हीसमोर बसताना आपल्या नावाचे बटण दाबायचे असते. जिथे संच एक आणि त्यावर सत्ता वडीलधाऱ्यांची, तिथे सोळा वर्षांच्या मुलीचे बटण कितीदा दाबले जाणार? आकडा लहान आला, की जाहिरातीचा दर उतरतो, दर उतरला की मालिकेला पैसा मिळत नाही. 2016 मध्ये ही वाहिनी पुन्हा गाण्यांकडे वळली आणि 2018 मध्ये बंदच झाली. म्हणजे त्या कॉलेज-मालिकांना जेमतेम चार वर्षे मिळाली. एवढ्या अवधीत एक मुलगी इंजिनीअर होते.

मराठीत ‘झी युवा’ 22 ऑगस्ट 2016 रोजी सुरू झाली. ‘बन मस्का’, ‘फ्रेशर्स’, ‘लव्ह लग्न लोचा’ ही नावे ऐकूनच ती कुणासाठी आहे हे कळत होते आणि आमच्याकडे, आश्चर्य म्हणजे, आजीनेही त्यातले काही भाग आवडीने पाहिले. पण त्यानंतर अवघ्या दोन आठवड्यांनी, 5 सप्टेंबरला, जिओ आले. फुकट इंटरनेट हाती पडताच रिमोटसाठी आजीची विनवणी करण्याचे कारणच उरले नाही, आणि मुलगी हेडफोन लावून गॅलरीत जाऊन बसू लागली. वाहिनी आजही आहे, तिचा तो पहिला कॉलेजी चेहरा मात्र फार दिवस टिकला नाही.

‘सगळे मोबाइलवर आहेच की,’ असे यावर कुणी म्हणेल. बीबीसीनेही तसाच विचार करून 2016 मध्ये ‘बीबीसी थ्री’ ही तरुणांची वाहिनी टीव्हीवरून काढून केवळ इंटरनेटवर ठेवली होती. 1 फेब्रुवारी 2022 रोजी ती त्यांनी पुन्हा टीव्हीवर आणली. तो लोकांच्या पैशावर चालणारा उद्योग आहे, म्हणून त्याला असा फेरविचार परवडला. जाहिरातींवर जगणाऱ्या खासगी वाहिनीकडून ती अपेक्षा मी करणार नाही.

माझी विनंती दूरदर्शनच्या ‘सह्याद्री’ या मराठी वाहिनीला आहे. 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झालेल्या मुंबई दूरदर्शनने लहानग्यांना ‘किलबिल’ दिले, शेतकऱ्यांना ‘आमची माती आमची माणसं’ दिले. सोळा ते बावीस या वयाच्या मुलामुलींसाठी रोज अर्ध्या तासाची, ठरावीक भागांत संपणारी मराठी मालिका त्यांनी द्यावी आणि ती दुपारी चार वाजता दाखवावी. त्या वेळी मुले कॉलेजातून परतलेली असतात आणि बहुतेक घरांत आजीचा डोळा लागलेला असतो.

आपली विश्वासू,
एक प्रेक्षक, लालबाग, मुंबई