युनियन बेटावरच्या होडीवाल्या काकांना

प्रिय काका,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, कारण तुम्हाला विचारलेलं नाही. एप्रिलमधल्या त्या दुपारीबद्दल लिहायला बसले की अजूनही आधी रागच येतो, आणि तो तुमच्यावरचा नाही. तेव्हा तो आधी संपवते.

आम्ही कॉलेजपासूनचे मित्रमैत्रिणी कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनेडीन्सच्या बेटांमधून शिडाच्या बोटीने खाली येत होतो. बेक्विया झालं, कानुआन झालं, आणि मेरो सोडून तुमच्या बेटावरच्या क्लिफ्टन बंदराकडे वळताना इंजिन तापून बंद पडलं. पाण्यावर सरगॅसमचे तपकिरी पट्टेच्या पट्टे होते. २०११ पासून हे शेवाळ अटलांटिकमधून कॅरिबियनमध्ये लोटतंय. इंजिन थंड ठेवायला जे समुद्राचं पाणी आत ओढलं जातं, त्याची वाटच त्याने बुजवली. चाळीस फुटी बोट, इंजिन एकच, पूर्वेचा भरभरता वारा, आणि तो वारा आम्हाला जिकडे ढकलत होता तिकडे खडकांवर फुटणाऱ्या पांढऱ्या लाटा.

बोट भाड्याने देणाऱ्या कंपनीला फोन लावला. पहिलाच प्रश्न आला, "तुमच्यात बोट चालवता येणारं कुणी आहे का?" फोन स्पीकरवर होता. सुकाणूवर आमचा तांडेल. मुंबईत शिडाच्या बोटी शिकला, टोरांटोला गेल्यावर लेक ऑंटारिओवर वर्षानुवर्षं चालवल्या, म्हणून हे नाव. शेजारी त्याचा चौदा वर्षांचा मुलगा. मग आम्हाला डिपॉझिटच्या अटी वाचून दाखवण्यात आल्या. मदत पाठवतो म्हणाले होते. ती बहुधा अजून वाटेत असेल. एक मोठं कॅटामरान, म्हणजे दोन सांगाड्यांची बोट, जवळून गेलं. त्यावरच्या मंडळींनी आमच्याकडे बघून पेले उंचावले. झालं, राग संपला.

शीड लहान करून आम्ही खडकांपासून लांब येरझाऱ्या घालत होतो, तेव्हा तुम्ही आलात. तुम्हाला कुणी बोलावलं नव्हतं. किनाऱ्यावरून बघितलंत, ही बोट उगीच फेऱ्या का मारतेय, आणि भाच्याला घेऊन निघालात. इंजिनात काय केलंत ते तांडेल सांगेल. मला बादलीभर कुजकट शेवाळ आणि रबराचे तुकडे तेवढे आठवतात.

मला लिहायचंय ते त्यानंतरचं. क्लिफ्टनच्या बंदरात शिरायचं म्हणजे पाण्याखालचे प्रवाळांचे खडक: बाहेर न्यूलँड्स रीफ आणि ऐन मध्यात राउंडअबाउट रीफ. आता सुकाणू तुम्हीच घेणार हे आम्ही सगळ्यांनी धरून चाललो होतो. तांडेल बाजूला सरकलासुद्धा. तुम्ही दोन्ही हात पाठीमागे बांधलेत आणि म्हणालात, "कॅप्टन, बोट तुमची आहे." आणि खरंच, धक्क्याला लागेपर्यंत तुमचे हात पाठीमागेच होते. एकदाच हनुवटीने डावीकडे खूण केलीत, तीही पोराची नजर दुसरीकडे असताना. मी शेजारी बसले होते म्हणून मला दिसली. दोर फेकायला पोराला पुढे पाठवलंत. फोननंतर तो बापाशी एक शब्द बोलला नव्हता, पुढून ओरडला, "बाबा, अजून थोडं डावीकडे!"

काका, मदत करणारे भेटतात. पण मदत करताना समोरच्याला लहान न करणारे फार थोडे. आमच्याकडे तर एखादा स्कूटर सुरू करून देतो आणि वर किक कशी मारायची यावर पाच मिनिटं व्याख्यान देतो.

पैसे विचारले तेव्हा तुम्ही सरळ आकडा सांगितलात. वाजवी होता. उरलेले ईस्टर्न कॅरिबियन डॉलर मोजून परत दिलेत. फुकट केलं असतंत तर मला अवघडल्यासारखं झालं असतं.

तुमच्या घरावरची निळी ताडपत्री संध्याकाळी बघितली. १ जुलै २०२४ ला बेरिल चक्रीवादळ आलं, त्यात युनियन बेटावरची ९० टक्के घरं मोडली किंवा पडली, असं तेव्हाचे पंतप्रधान राल्फ गोन्साल्विस यांनीच सांगितलं होतं. ती ताडपत्री मला समजावून सांगायची गरज नव्हती. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धनला माझ्या मावशीच्या घराची कौलं उडाली आणि सुपारीची बाग आडवी झाली. पुढे कितीतरी महिने ती दारात येणाऱ्या प्रत्येकाला आधी छताचंच सांगायची. तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत. विचारलंत ते एवढंच, की पोराने टोबॅगो केजच्या छोट्या बेटांजवळची कासवं पाहिली का.

पाहिली नव्हती, आणि त्यावरून घरात अजून भांडण चालू आहे. म्हणून तांडेल पुन्हा येतोय, जानेवारीत. तेव्हा तुमच्याकडे ख्रिसमसचे वारे जोरात असतात हे त्याला माहीत आहे. या पत्राचं इंग्रजी माझी मुलगी करून पाठवेल. उत्तरात फक्त यादी द्या: छताचे स्क्रू किती लांबीचे, आणि तुमच्या होडीच्या इंजिनाला काय काय लागतं. नाही म्हणू नका. त्याची बॅग तशीही अर्धी रिकामीच असते.

तुमची,
त्या बोटीवर सगळ्यात जास्त ओरडणारी बाई