ओमला समुद्रावर नेताना

रत्नागिरी

प्रिय मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

मॉरिशसची तिकिटं काढल्याचं बाबांकडून कळलं. हॉटेल अजून ठरायचंय म्हणून घाईघाईने लिहायला बसले. एजंट बेल मारचं नाव घेतोय म्हणे. जागा देखणी आहे, पण पूर्व किनाऱ्यावर, आणि तुम्ही जाताय मे महिन्यात. त्या सुमारास तिकडे आग्नेयेचे व्यापारी वारे जोर धरू लागतात ते ऑक्टोबरपर्यंत. मोठ्यांना काही वाटत नाही, पण चार वर्षांच्या पोराच्या डोळ्यांत वाळू गेली की सहल संपलीच म्हणायची. तेव्हा वायव्येला राहा. त्रू-ओ-बिश, नाहीतर त्याच्या शेजारचं मों श्वाझी. तो किनारा वाऱ्याच्या आडोशाला आहे.

मी आणि बाबा त्रू-ओ-बिशला राहिलो होतो. पाणी कमरेएवढं व्हायला बरंच आत चालावं लागतं. लाट म्हणशील तर पायाच्या घोट्याशी येऊन विरते. बाबा भाट्याच्या समुद्रावर वाढलेले, त्यांना तर पहिल्या दिवशी चक्क कंटाळा आला. ‘हा कसला समुद्र?’ म्हणाले. पण ओमसाठी मला असाच कंटाळवाणा समुद्र हवाय. आपल्या आरे-वाऱ्याच्या किनाऱ्यावर त्याचा हात सोडायची तुझी हिंमत होते का? त्रू-ओ-बिशला तू दोन हातांवर बसलीस आणि तो पाण्यात डुंबत राहिला तरी चालेल. नजर मात्र त्याच्यावरच, फोनवर नाही.

हे पाणी एवढं गरीब का, ते ओमला दाखव. किनाऱ्यावर उभं राहिलं की दूर एक पांढरी रेघ दिसते. ती प्रवाळाची भिंत. खरा हिंदी महासागर तिथे येऊन फुटतो आणि अलीकडे उरतं ते लगून, म्हणजे भिंतीच्या आतलं उथळ, शांत पाणी. भरती-ओहोटीतला फरकही जेमतेम अर्ध्या मीटरचा. आपल्याकडे उधाणाला पाणी दोन मीटरांच्या वर चढतं, त्यामुळे ‘आता पाणी ओढायला लागलं, वर या’ असं ओरडायची माझी सवय तिथे अगदीच वाया गेली. एक दिवस गाडी करून दक्षिण टोकाला ग्री-ग्रीला जाऊन या. तिथे प्रवाळाची भिंत नाही, लाटा थेट काळ्या कड्यावर आदळतात. पाण्यात उतरायचं नाव काढायचं नाही, फक्त वरून बघायचं. त्याच बेटाचा तोच समुद्र, पण भिंत नसली की काय होतं ते ओमला न सांगता कळेल.

प्रवाळाला गोडं पाणी आणि गाळ सोसत नाही. म्हणून नद्या मिळतात तिथे भिंतीला खिंडी असतात, आणि लाटांनी आत टाकलेलं पाणी त्या खिंडींतूनच बाहेर ओढलं जातं. होड्यांची वाटही तीच. पोहण्याची जागा तरंगत्या खुणांनी आखलेली असते, तिच्या बाहेर जावईबापूंनीही जाऊ नये. त्यांना पोहता येतं हे मला ठाऊक आहे, तरी लिहिते.

पायात रबरी बूट हवेतच, तिघांच्याही. खडकाच्या आसपास काळ्या काट्यांचे गोळे, म्हणजे सी-अर्चिन नावाचे समुद्रजीव असतात, आणि क्वचित हुबेहूब दगडासारखा दिसणारा विषारी मासा. त्याचा काटा लागलाच तर पाय सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवायचा आणि तडक डॉक्टर गाठायचा. शंख-प्रवाळ पिशवीत भरू नका, हाताळून तिथेच ठेवा.

माझ्यातली भूगोलाची बाई गप्प बसत नाही, म्हणून आणखी एक. वाळू पांढरी आहे ती प्रवाळाच्या आणि शिंपल्यांच्या चुऱ्याची. मधूनमधून डोकं वर काढणारे खडक मात्र काळे कुळकुळीत, आपल्या सह्याद्रीचे असावेत तसे. आणि आहेतच ते नात्यातले! सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा पृथ्वीच्या पोटातल्या ज्या उष्ण ठिकाणावरून वर आला, त्याच ठिकाणावर सुमारे ऐंशी लाख वर्षांपूर्वी मॉरिशस तयार झालं, असं भूशास्त्रज्ञ मानतात. चूल जागच्या जागी, वरचं भूपृष्ठ सरकत गेलं. आता ती चूल शेजारच्या रियुनियन बेटाखाली धगधगतेय.

माणसंही आपली भेटतील. 1834 पासून गिरमिटिया, म्हणजे करारावर नेलेले मजूर बोटींनी तिथे गेले, त्यांत रत्नागिरीकडचेही होते. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. आम्हाला सुरूच्या सावलीत एक आजी भेटल्या. त्यांचं मराठी अडखळत, तिथली क्रिओल बोली भरभरून, पण आम्ही रत्नागिरीचे म्हटल्यावर त्यांनी बाबांना बळंच दालपुरी खायला लावली. जोडीला वालाची आमटी आणि तिखटजाळ चटणी. ओमची दालपुरी चटणीशिवाय सांगायची. रविवारी तो सगळा किनारा तिथल्या कुटुंबांनी भरून जातो. पातेली, चटया, गाणीबजावणी. हॉटेलच्या खुर्च्या सोडून त्यांच्यात जाऊन बसा.

घड्याळ दीड तास मागे. म्हणजे सहाला उठणारा ओम तिथे पहाटे साडेचारला टक्क जागा होणार. त्याच्याशी भांडत बसू नका. खाऊ घालून, उजाडलं की सरळ किनाऱ्यावर आणा. ऊन चढायच्या आत डुंबून होईल, दुपारी तो झोपेल आणि तुम्हीही. संध्याकाळी सहाच्या आत सूर्य बुडतो, तोही समोर समुद्रातच. इल-ओ-सेर बेटाची ती दिवसभराची बोटसहल मात्र रद्द करा. गर्दी, स्पीडबोटींचा गोंगाट, आणि लहान मुलाने तिथे करायचं काय?

बाबा म्हणतात, हापूसची पेटी पाठवतो, तिकडे घेऊन जा. मुळीच नेऊ नकोस. ताजी फळं परवान्याशिवाय नेता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतात. तुमची पेटी इथे अढीत राहील. परत आल्यावर आधी इकडे या.

तुझी,
आई