जळगावच्या रिक्षावाल्या दादांना

दादा, नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत नाही. नंबरही घेतला नाही, कारण त्याची गरजच पडली नाही. "उद्या सहाला येतो" म्हणालात की सहाला पाच कमी असताना मेहरूणला माझ्या मावसबहिणीच्या दारात तुमची रिक्षा उभी असायची. आठवडाभर हेच चाललं. धुळ्याला परतल्यावर लक्षात आलं की आभार मानायला आपल्याजवळ काहीच नाही. म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहितेय. कुणीतरी वाचेल आणि तुमच्यापर्यंत पोचवेल.

ओळख पटावी म्हणून सांगते. जानेवारीत बालगंधर्व संगीत महोत्सवाला वडिलांना घेऊन आलेली ती मी. घडीची व्हीलचेअर, तपकिरी शाल, उजवा हात मांडीवर निपचित. तुम्ही पहिल्याच दिवसापासून त्यांना 'नाना' म्हणायला लागलात. आम्हीही घरी नानाच म्हणतो.

नाना शाळेत मास्तर होते आणि चाळीस वर्षं गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवत होते. सव्वा वर्षापूर्वी लकवा आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. 'हो', 'नाही' आणि 'अगं', एवढे तीनच शब्द उरले. जळगावचा महोत्सव त्यांना एकदा तरी समोर बसून ऐकायचा होता. नारायण राजहंस लहानपणी जळगावात राहिले, मेहबूबखाँसाहेबांकडे गाणं शिकले आणि पुढे बालगंधर्व झाले, ही गोष्ट नानांनी मला किती वेळा सांगितली असेल! आता ती त्यांना सांगता येत नाही. निदान त्या गावात नेऊन त्यांना गाणं ऐकवावं, एवढंच मनात होतं.

पण निघताना माझी छाती धडधडत होती. मागच्या उन्हाळ्यात एका मोठ्या शहरातल्या सभागृहात आम्ही तिकिटं काढून गेलो होतो. दारावरचा माणूस म्हणाला, "खुर्ची आत नाही नेता येणार, वाट अडते." व्यवस्थापकाला बोलावलं तर त्यांनी नानांकडे बघितलंसुद्धा नाही, माझ्याशीच बोलत राहिले. नाना सगळं ऐकत होते. त्यांची वाचा गेलीय, कान शाबूत आहेत. आम्ही तिथूनच परत फिरलो. या वेळी आठवडाभरासाठी सांगून ठेवलेल्या गाडीवाल्याने निघायच्या सकाळी फोनच उचलला नाही. मग एसटीने पारोळा, एरंडोल करत आलो. आणि सगळ्यात जास्त लागलं ते आमच्याच नात्यातल्या एकांचं बोलणं: "त्यांना आता गाण्यातलं काय कळणार? कशाला हाल करतेस?" ते वाक्य अजून माझ्या मनातून जात नाही.

पहिल्या संध्याकाळी तुम्ही नाट्यगृहाशी आम्हाला सोडलंत. परत कसं जायचं, ही काळजी माझ्या तोंडावर दिसली असेल. तुम्ही म्हणालात, "चिंता नका करू ताई, मी शे ना आठे." मी आहे ना इथे. इतक्या महिन्यांत हे वाक्य मला कुणी म्हटलं नव्हतं, दादा.

आठवडा छान गेला. सकाळी मेहरूण तलावाचा काठ, एक दिवस गांधीतीर्थ. अजिंठा साठेक किलोमीटरवरच, पण पायऱ्यांमुळे तो बेत सोडला. आसोद्याला बहिणाबाईंच्या माहेरगावी नेलंत, तिथे नात्यातल्यांकडे भरिताचा बेत होता. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर भाजलेली हिरवी वांगी, बडगीत ठेचताना मुसळाचा तो धप्प धप्प आवाज, वर कांद्याची पात. नानांनी डाव्या हाताने कळण्याची भाकरी मोडून खाल्ली आणि दुसऱ्यांदा भरीत मागितलं, बोट दाखवून. आम्ही तुम्हालाही पंगतीला बसवलं, तेव्हा तुम्ही किती संकोचलात!

पण हे सगळं एका बाजूला आणि तिसरी रात्र एका बाजूला.

भैरवी झाली, पडदा पडला. बाहेर आलो तर थंडी मी म्हणत होती. इच्छादेवी चौकातून आत वळलो आणि रिक्षाच्या धडधडीत मला मागे काहीतरी ऐकू आलं. आधी वाटलं नाना कण्हतायत. नीट कान दिला तर सूर होता. नाना गुणगुणत होते. मी तुम्हाला काही म्हणायच्या आतच तुम्ही रिक्षा कडेला घेतलीत आणि चावी फिरवलीत. इंजिन बंद. दिवाही बंद केलात. मग तुम्ही कानटोपी काढून मांडीवर ठेवलीत. एवढ्या गारठ्यात, कान उघडे करून, हँडलवरचे हात खाली घेऊन, मागे न बघता तुम्ही नुसते बसलात.

आणि नाना गायले. लहानपणी ते मला झोपवताना म्हणायचे ते जुनं नाट्यपद. पहिली ओळ नुसती 'आऽ' करत. दुसऱ्या ओळीला शब्द आले. पुरते, स्वच्छ शब्द. डॉक्टरांनी सांगितलं होतं की डावा मेंदू दुखावला की बोलणं जातं, पण गाण्याची वाट वेगळी असते, गाण्यातून कधी कधी शब्द येतात. घरी आम्ही किती प्रयत्न केले होते. टीव्ही, मिक्सर, येणारी-जाणारी माणसं, आणि मध्ये आम्ही "म्हणा ना नाना" करत बसलेलो. ते कधीच गायले नाहीत. तुम्ही काहीही म्हटलं नाहीत आणि ते गायले.

पद संपलं. तुम्ही लगेच चावी फिरवली नाहीत. थोड्या वेळाने विचारलंत, "काढू का गाडी, नाना?" मला नाही, नानांना विचारलंत. नाना म्हणाले, "हो."

दारात पोचल्यावर मी जास्तीचे पैसे पुढे केले. तुम्ही ठरलेलेच घेतलेत, बाकीचे माझ्या हातात परत ठेवलेत. मला त्या वेळी रडू येत होतं म्हणून धड बोलता आलं नाही.

दादा, रात्री अकरा वाजता घरी जायची घाई कुणाला नसते? तुमच्याही घरी कुणीतरी वाट बघत असेल. आजारी माणसाला उचलून धरणारे, पाणी देणारे खूप भेटले आम्हाला, त्या सगळ्यांचे उपकार आहेत. पण आजारी माणसाजवळ काही ऐकण्यासारखं असेल, असं मानून थांबणारे तुम्ही पहिले. त्या सभागृहाच्या व्यवस्थापकांना हे एवढंच जमलं असतं तरी मी त्यांना कधीच माफ केलं असतं.

आता घरची खबर. नाना रोज थोडंसं गातात. शब्द कधी येतात, कधी नाही. परवा संध्याकाळी मी स्वयंपाकघरात मिक्सर लावला होता. बाहेरून "अगं, अगं" ऐकू आलं. जाऊन बघते तर नाना डावा हात वर करून अंगठा आणि बोटं हवेत फिरवत होते, चावी फिरवल्यासारखी. मला क्षणभर कळेना. मग कळलं, आणि मी धावत जाऊन मिक्सर बंद केला.

तुमची,
धुळ्याची ताई