फी भरून झाली आहे

ती. आई आणि बाबा,
सा. न.

हे फोनवर सांगायचा तीनदा प्रयत्न केला. पहिल्यांदा बाबांनी नुकतेच डोळ्यांत थेंब घातले होते. दुसऱ्यांदा आई ताईशी बोलत होती. तिसऱ्यांदा तुम्ही दोघंही अगदी मोकळे होतात आणि मीच हवापाण्याच्या गप्पा मारून फोन ठेवला. म्हणून पत्र. पत्रात मध्येच कुणाला "अगं पण" म्हणता येत नाही, हा त्याचा मोठा फायदा.

तर, मी नोकरी सोडली आहे. महिनाअखेरीस शेवटचा दिवस. विद्यापीठात क्रीडा व्यवस्थापनाच्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश मिळालाय आणि पहिल्या वर्षाची फी भरून झाली आहे. "विचार चाललाय" असं लिहिणार होते, पण माझा विचार चाललाय म्हणजे काय, हे तुम्हाला दहावीपासून ठाऊक आहे.

आधी पैशांचं, म्हणजे बाबा पुढचं शांतपणे वाचतील. दोन्ही वर्षांची फी आणि राहण्याचा खर्च बाजूला काढलाय. त्याला हात न लावता सहा महिने निघतील एवढी शिल्लक वेगळी आहे. तुमच्या औषधांचे पैसे दर महिन्याला येतात तसेच येत राहतील. तुमचा विमा माझ्या ऑफिसातून होता, तो नोकरीबरोबर जाणार. म्हणून आधी तुमच्या नावाने वेगळी पॉलिसी घेतली, ती हातात आली, मगच राजीनामा दिला. क्रम लक्षात घ्या. मी अगदीच तुमची मुलगी नाही असं नाही.

आणि आई, मी खेळायला जात नाहीये. गुडघा आहे तिथे आहे आणि तिथेच राहणार आहे. त्याच्यावर पुन्हा कुणी सुरी चालवणार नाही, तुला पुन्हा कुठल्या कॉरिडॉरमध्ये रात्र काढायला लागणार नाही. मैदानाच्या आत मी पाऊल टाकलं तर हातात फार तर वॉकीटॉकी असेल.

बाबांचा प्रश्न मला इथे बसून ऐकू येतोय: "शिट्टी फुंकायला पदवी कशाला?" शिट्टीवाल्याला नकोच. पण शिट्टी फुंकायच्या आधी आणि नंतर जे असतं, त्याला हवी. एका सामन्याआधी मैदान कुणाच्या ताब्यात आहे, कुणाशी काय करार झालाय, खेळाडूला दुखापत झाली तर जबाबदारी कुणाची, प्रक्षेपणाचे हक्क कुणी घेतले, रुग्णवाहिका कुठल्या दाराशी उभी राहणार, हे सगळं कुणीतरी कागदावर उतरवलेलं असतं. अभ्यासक्रमात कायदा आहे, अर्थशास्त्र आहे, हिशेब आहे, मैदानांची उभारणी आणि देखभाल आहे. विषयांची यादी पाहिलीत तर तुम्हाला आपल्याच कपाटातल्या फायली आठवतील.

हे नवीन फॅड आहे, असंही तुम्ही म्हणणार. १९५७ साली ब्रुकलिन डॉजर्स या बेसबॉल संघाचे मालक वॉल्टर ओ'मॅली यांनी जेम्स मेसन नावाच्या प्राध्यापकांना पत्र लिहिलं होतं. स्टेडियम, रेसकोर्स, सभागृह असल्या जागा चालवायचं रीतसर शिक्षण घेतलेला माणूस शोधायचा तर कुठे शोधायचा, असा त्यांचा प्रश्न होता. त्या पत्रातून धागा पुढे गेला आणि १९६६ मध्ये ओहायो विद्यापीठात याचा पहिला पदव्युत्तर वर्ग सुरू झाला. म्हणजे हा विषय माझ्यापेक्षा बराच मोठा आहे, आणि त्याची सुरुवातही पत्रानेच झाली. हे वाचून मला उगाच धीर आला, म्हणून तुम्हालाही सांगितलं.

बाबा, तुमच्यासाठी एक हिशेब राखून ठेवलाय. १९७६ चं ऑलिंपिक माँट्रियलला झालं. त्याचं कर्ज कधीपर्यंत फेडलं जात होतं? २००६ पर्यंत. तीस वर्षं! ज्यांनी त्या स्पर्धा पाहिल्याही नव्हत्या, त्यांनीही कर भरून ते फेडलं. आणि आठच वर्षांनी, १९८४ मध्ये, लॉस एंजेलिसने ऑलिंपिक भरवून वीस कोटी डॉलरहून जास्त शिल्लक टाकली. जादू काही नव्हती. नवीन बांधण्याचा सोस धरला नाही, १९३२ च्या ऑलिंपिकचंच मुख्य स्टेडियम पुन्हा वापरलं, प्रायोजक मोजके घेऊन त्यांच्याकडून भरपूर पैसे घेतले आणि टीव्हीचे हक्क चांगल्या किमतीला विकले. "आहे त्यात भागवा" हे तुम्ही आम्हाला घरात शिकवलंत. तेच हे, फक्त मोठ्या वहीत.

पण खरं सांगायचं तर या सगळ्यामुळे मी हे ठरवलेलं नाही. ही कारणं मी नंतर गोळा केली.

मागच्या दोन-तीन वर्षांत मी सुट्टीच्या दिवशी धावण्याच्या शर्यतींमध्ये स्वयंसेवक म्हणून जात होते, हे तुम्हाला अर्धवट माहीत आहे. (तुम्हाला वाटायचं मी झोपून राहते. वाटू दिलं.) एका शर्यतीत माझी ड्यूटी शेवटच्या रेषेवर होती. वेळ संपली, कमान उतरवली, जमिनीवरची वेळ मोजणारी चटई गुंडाळून ट्रकमध्ये चढवत होते. तेवढ्यात वळणावरून एक गृहस्थ आले. बाबांच्या वयाचे. एका हाताने पाठ धरलेली, पण पावलं थांबत नव्हती. रेषा कुठे आहे तेच त्यांना कळेना, कारण रेषा ट्रकमध्ये होती. मी धावत जाऊन रस्त्यावर आडवी उभी राहिले, हात पसरले आणि म्हटलं, "इथे, काका, इथे." ते माझ्यापाशी येऊन थांबले, घड्याळ बघितलं आणि विचारलं, "मोजलं का?" मी हो म्हटलं. खोटं बोलले. पदकंसुद्धा संपली होती.

त्या दिवशी घरी येऊन मला कुणाचाच राग आला नाही, हे विशेष. ट्रकवाल्याला त्या वेळेपर्यंतचंच भाडं मिळालं होतं, रस्ता त्या वेळेपर्यंतच बंद होता. चूक आदल्या महिन्यात कुठल्यातरी टेबलावर झाली होती. त्या टेबलाशी मला बसायचंय.

आई, आता पुढचं मात्र तुझ्यासाठी आहे. नको वाटलं तर सोडून दे, पण मला वाटतं तू वाचावंस.

ती चप्पल. तू अजूनही म्हणतेस की मैदानावरच्या त्या गर्दीत तू माझा हात सोडलास. विषय कुठलाही असो, फिरून तिथे येतेस. मला त्यातल्या दोनच गोष्टी आठवतात: खाली दाराचं एकच झापड उघडं होतं, आणि बाबांच्या खांद्यावरून मला तुझ्या डोक्यातलं फूल दिसत होतं, लांब लांब जाणारं. पुढचं आठवतं ते घरी आल्यावरचं. तू एका पायात चप्पल घालून उंबऱ्यात उभी. त्यानंतर बाबा मैदानावर गेले नाहीत, टीव्हीवरचा सामनाही आवाज बंद करून बघायला लागले, आणि याबद्दल आपल्यात कुणी काही बोललं नाही.

प्रवेशाच्या तयारीत मला इंग्लंडच्या हिल्सबरो मैदानाचं प्रकरण वाचायला लागलं. १९८९ मध्ये तिथे प्रेक्षकांची चेंगराचेंगरी होऊन ९७ जणांचा जीव गेला. कितीतरी वर्षं दोष आलेल्या लोकांवरच ढकलला जात होता. शेवटी २०१६ मध्ये ज्युरीने सांगितलं की प्रेक्षकांची चूक नव्हती. बाहेरची गर्दी आत सोडली, पण आधीच भरलेल्या भागाकडे जाणारी वाट कुणी बंद केली नाही. २७ वर्षं त्या घरांतल्या लोकांनी हे ऐकायची वाट पाहिली. मी वाचता वाचता पुस्तक मिटलं आणि तुला फोन केला होता, आठवतंय? तू विचारलंस, "आवाज असा का येतोय?" मी म्हटलं सर्दी झालीय.

आई, तू हात सोडला नाहीस. दार अर्धं बंद होतं.

त्याचं गणित असतं, हे मला माहीतच नव्हतं. ब्रिटनमध्ये १९७३ पासून मैदानांच्या सुरक्षिततेचं एक मार्गदर्शक आहे, त्याला ग्रीन गाइड म्हणतात. त्यात धरलंय की मीटरभर रुंदीच्या सपाट वाटेवरून मिनिटाला ८२ माणसं जाऊ शकतात, जिन्यावरून ६६. बसायच्या-उभं राहायच्या जागेतून सगळे जास्तीत जास्त आठ मिनिटांत बाहेर जायच्या मोकळ्या वाटेला लागायला हवेत. म्हणजे तीन मीटर रुंद जिन्यावरून आठ मिनिटांत १,५८४ माणसं. (बाबा, तुम्ही पडताळून बघालच.) आणि झापड एकच उघडं असलं, तर? हा प्रश्न सामन्याच्या दिवशी विचारून उपयोग नाही. तो आधी विचारण्याचा पगार कुणालातरी मिळतो. तो मला मिळावा असं वाटतं.

पगार सुरुवातीला कमीच असेल, लपवत नाही. या क्षेत्रात खेळाच्या वेडापायी फुकट राबायला तयार असलेले खूप असतात, त्यामुळे नव्या माणसाला पहिली दोन-तीन वर्षं ओळखपत्रं वाटण्यात आणि पार्किंग सांभाळण्यात जातात. शनिवार-रविवारी लोक सामना बघतील, मी सामन्याकडे पाठ करून लोकांकडे बघत उभी असेन. मला चालणार आहे. आठ वर्षं चांगल्या खुर्चीत बसून बघितलं, पाठ तिथेही दुखायची.

राहण्याची सोय चांगली आहे. वसतिगृहात खोली एकटीची, खिडकी पूर्वेला, गरम पाणी दिवसभर. मेसचं जेवण बरं आहे; मी मुद्दाम एक दिवस आधी जाऊन जेवून आले. वर्गात बरेच जण माझ्याहून आठ-दहा वर्षांनी लहान असतील. मला ते ताई म्हणतील, त्याला इलाज नाही. रात्रीच्या गाडीत बसलं की सकाळी तुमच्या चहाला मी घरी. आत्ता जेवढी येते त्यापेक्षा कमी येणार नाही, उलट परीक्षा संपल्यावर जास्तच. हे तुम्हाला पटवायला लिहीत नाहीये. बरं, थोडं पटवायलाही लिहितेय.

आता माझं ऐका. बाबा, रक्तदाबाची गोळी "बरं वाटतंय" म्हणून बंद करायची नाही. बरं वाटतंय ते गोळीमुळेच. रीडिंग वहीत लिहायचं, मनात नाही. आई, न्हाणीघरात रबरी चटई टाकून ठेव, ती पाहुण्यांसाठी नाही आणलेली. रात्री उठताना दिवा लावायचा. फोनवर कुणी ओटीपी मागितला तर बोलणं वाढवायचं नाही, फोन ठेवायचा. उद्धटपणा होत नाही त्याने. आणि दोघांनी एकमेकांचं दुखणं माझ्यापासून लपवायचं नाही. ताई मला सगळं सांगते, आणि ती सांगते हे मी तुम्हाला सांगितलं असं तिला सांगू नका.

रागावला असाल तर रागवा, पण एक दिवसच. दुसऱ्या दिवशी रात्री मी फोन करेन. पहिला फोन बाबांनी घ्यावा. काही बोलायचं नसेल तर नुसतं "हं" म्हणावं, मला पुरेल. लहानपणी तुम्ही माझ्या शर्यतीला यायचात तेव्हाही एवढंच म्हणायचात, आणि घरी येईपर्यंत माझी पिशवी तुमच्याच खांद्यावर असायची.

तुमच्या धावफलकाच्या जुन्या वह्या मला हव्या आहेत, त्या नीटनेटक्या रकान्यांच्या. माळ्यावर उजवीकडच्या ट्रंकेत असतील. मी पुढच्या खेपेला आले की काढीन. तोवर स्टुलावर कुणीही चढायचं नाही. दोघांनीही नाही. एकाने स्टूल धरून दुसऱ्यानेही नाही.

तुमची,
धाकटी