विषाणूरोधक लेपाचे कोटेशन मंजूर करण्याआधी

प्रति,
मा. अध्यक्ष, सहकारी गृहनिर्माण संस्था, नागपूर

विषय : लिफ्टची बटणे व जिन्याच्या कठड्यांवर पेप्टाइड लेप देण्याबाबत.

महोदय,
स.न.वि.वि.

पेप्टाइड लेपाचे हे तंत्र खरे आहे, माझा त्याला विरोध नाही. अमिनो आम्लांच्या आखूड साखळ्या, म्हणजेच पेप्टाइड, द्रावणातून पृष्ठभागावर आल्या की आपोआप जुळून थर धरतात. पकड देण्यासाठी अनेकदा डोपा हे अमिनो आम्ल वापरतात. समुद्रातले काही शिंपले त्याच्याच बळावर ओल्या खडकाला चिकटून राहतात. पण हा थर नॅनोमीटरमध्ये मोजायचा. तो लागला की नाही, झिजला की उरला, हे डोळ्यांना कळत नाही.

म्हणून कोटेशन देणाऱ्या कंपनीकडून आयएसओ २१७०२ या, पृष्ठभागावरचे विषाणू किती निष्प्रभ होतात हे मोजणाऱ्या आंतरराष्ट्रीय मानक चाचणीचा अहवाल मागवा. आयएसओ २२१९६ दाखवला तर तो जिवाणूंचा असतो, विषाणूंचा नाही. २१७०२ मध्येही एक मेख आहे : विषाणूचा द्रव पातळ प्लास्टिक फिल्मखाली ओला ठेवून २५ अंशांवर साधारण २४ तासांनी मोजणी होते. आपल्या लिफ्टचे बटण दुसरा माणूस मिनिटभरात दाबतो आणि मे महिन्यात नागपुरात हवा कोरडी, पारा ४५ च्या आसपास. त्यामुळे कोरड्या पृष्ठभागावरचा, ५ मिनिटांचा आणि तासाभराचा निकाल वेगळा मागायलाच हवा. चाचणी कोणत्या विषाणूवर झाली तेही विचारा. कोरोना, फ्लू यांना चरबीचे आवरण असते, ते तुलनेने लवकर निष्प्रभ होतात. नोरो आणि रोटा या जुलाब-उलट्यांच्या विषाणूंना हे आवरण नसते, म्हणून ते जास्त चिवट.

लावण्यातही चुका होतात. बटणावर बोटांचे तेल राहिले तर लेप धातूऐवजी तेलावर बसतो आणि पहिल्या पुसण्यात निघतो. आधी साबणपाणी, मग ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग पूर्ण सुकवणे, एवढे कोटेशनमध्ये लेखी हवे. ब्लीचच्या पाण्याने पेप्टाइडचे ऑक्सिडीकरण होते, म्हणून लेपानंतर सफाईवाल्या मावशींनी कठडा नेमका कशाने पुसायचा, तेही कंपनीनेच लिहून द्यावे.

तोवर एकाच लिफ्टच्या पॅनेलवर एप्रिल ते जून चाचणी घ्या आणि शेवटी त्याच पॅनेलचा नमुना प्रयोगशाळेत द्या. कोरोना मुख्यतः हवेतून पसरतो, तेव्हा लिफ्टचा बंद पडलेला पंखा आधी दुरुस्त व्हावा. त्याला कोटेशनची वाट पाहायला नको.

कंपनीचा माणूस बैठकीला येणार असेल तर मला बोलवा, हे प्रश्न मी स्वतः विचारीन.

आपला,
रहिवासी सभासद