लॅपटॉप भंगारात घालण्याआधी मागचे झाकण उघडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट बंद केले. घरगुती वापरासाठी नाव नोंदवणाऱ्यांना सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतील, एवढीच सवलत. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो, म्हणजे २०१७ च्या आधीचे जवळपास सगळे लॅपटॉप बाद. त्यामुळे शाळा, पतसंस्था, घरे सगळीकडे एकच प्रश्न आहे: हे आता भंगारात द्यायचे का? आमचे म्हणणे असे, की यातले बरेच लॅपटॉप अजून चार-पाच वर्षे चालतील, पण कामाचा क्रम चुकू देऊ नका. लोक आधी पेनड्राइव्ह लावून लिनक्स (विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत सिस्टीम) टाकतात, लॅपटॉप तरीही अडखळतो, आणि मग लिनक्सच्या नावाने बोटे मोडतात. खान्देशात पहिले काम धुळीचे. डिस्क, रॅम आणि सिस्टीम त्यानंतर.

कारण साधे आहे. बऱ्याच लॅपटॉपांच्या माहितीपत्रकात भोवतालचे तापमान ३५ अंशांपर्यंत असावे असे छापलेले असते. भुसावळला किंवा जळगावला मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो; पत्र्याच्या खोलीत काय होत असेल ते सांगायला नको. पंखा आत ओढतो तीच हवा २५ ऐवजी ४२ अंशांची असेल, तर प्रोसेसरही साधारण तेवढाच जास्त तापणार. शंभरच्या आसपास गेला की तो स्वतःच वेग कमी करतो, आणि वापरणाऱ्याला वाटते, मशीन म्हातारे झाले. त्यात कपाशीचा हंगाम सुरू झाला की जिनिंगच्या पट्ट्यात हवेत बारीक तंतू उडतात. हा तंतू आणि धूळ मिळून पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मधे घट्ट थर बसतो. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते, कारण थर आतल्या बाजूला असतो. न उघडता बाहेरून ब्लोअर मारला तर तो सुटतो आणि पंख्याच्या पात्यांत जाऊन अडकतो. म्हणून उघडावेच लागते.

उघडण्याआधी अडॅप्टर काढा, बॅटरी काढा, पॉवरचे बटण पंधरा सेकंद दाबून धरा. बॅटरी आतल्या बाजूला बसवलेली असेल तर झाकण निघाल्याबरोबर सगळ्यात आधी तिचा कनेक्टर सोडवा. फिलिप्स शून्य आणि एक नंबरचे स्क्रू ड्रायव्हर पुरतात. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. लांब स्क्रू आखूड जागी फिरवला तर तो मनगट टेकतो त्या प्लास्टिकमधून वर येतो, नाहीतर बोर्डाला भिडतो. कागदावर लॅपटॉपच्या पाठीचे चित्र काढा आणि प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने लावा. कीबोर्डची पट्टी ओढून काढायची नाही. तिच्या तोंडाशी एक बारीक काळी किंवा तपकिरी खिट्टी असते, ती नखाने वर उचलली की पट्टी आपोआप सुटते. ही खिट्टी मोडली की ती पट्टी पुन्हा नीट पकड घेत नाही. नवशिक्यांच्या हातून सर्वांत जास्त नुकसान इथेच होते.

हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाच्या) स्क्रूंजवळ बहुधा १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात. सोडताना उलट क्रमाने, आवळताना त्याच क्रमाने, आणि एका वेळी अर्धाच फेरा. एकच कोपरा आधी पूर्ण आवळला तर प्रोसेसरची उघडी चिप कोपऱ्यात टवका उडून कायमची जाऊ शकते. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली, उष्णता वाहून नेणारी जुनी पेस्ट पुसायला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. सॅनिटायझर चालत नाही, त्यात पाणी आणि बहुधा ग्लिसरीनही असते. नवी पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, चिपच्या मधोमध. जास्त लावल्याने जास्त थंड होत नाही. ग्राफिक्स चिप किंवा तिच्या मेमरीवर राखाडी मऊ पॅड असेल तर तिथे पेस्ट लावू नका. पॅड अर्धा किंवा एक मिलिमीटरची फट भरतो, पेस्टने ती भरत नाही, आणि ती चिप हीटसिंकला न टेकता तापत राहते. पॅड फाटला असेल तर जुन्या जाडीचाच नवा आणा. पंखा साफ करताना पाते काडीने धरून ठेवा. हवेने गरगर फिरवला तर बेअरिंग खराब होते.

उन्हाळ्यात लॅपटॉप कूलरच्या थेट झोतात ठेवू नये. आपल्याकडच्या पाण्यात क्षार असतात, आणि हवेबरोबर उडणारे बारीक तुषार बोर्डावर सुकले की त्यांचे पांढरे डाग राहतात. पंख्याखाली ठेवा, खाली दोन पट्ट्या देऊन उचलून ठेवा.

आता डिस्क. हार्डडिस्क असलेल्या मशीनला एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) लावल्याइतका फरक दुसऱ्या कशाने पडत नाही, रॅम वाढवल्यानेही नाही. २.५ इंची साटा (जुन्या हार्डडिस्कच्याच कनेक्टरची) एसएसडी घ्यायची. २४० किंवा २५६ जीबी पुरे. तिची जाडी सात मिलिमीटर असते, जुन्या हार्डडिस्कची साडेनऊ, म्हणून सोबत प्लास्टिकची चौकट येते का ते बघा. नाहीतर ती खोबणीत हलत राहते आणि मधेच डिस्क गायब होते. बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) डिस्क चालवण्याची पद्धत एएचसीआय ही नवी आहे का तेही पाहा. नव्याने सिस्टीम टाकायची असेल तर ती बदलायला काहीच हरकत नाही. जुनी विंडोज आयडीई या जुन्या पद्धतीवर टाकलेली असेल आणि ती ठेवायची असेल, तर मात्र बदलली की सुरू होणार नाही. अगदी स्वस्तात दोन टीबी देणाऱ्या एसएसडी आणि पेनड्राइव्ह बाजारात येतात, त्या खोट्या असतात: आकडा दोन टीबीचा, जागा ३२ जीबीची. लिनक्सवरचे एफ-थ्री नावाचे छोटे साधन खरी जागा मोजून सांगते. बिल फाडण्याआधी दुकानातच तपासलेले बरे.

जुनी हार्डडिस्कच ठेवायची असेल तर लिनक्स मिंट या लिनक्सच्या प्रकारातल्या डिस्क्स या प्रोग्रामात स्मार्टची (डिस्कच्या तब्येतीच्या नोंदींची) माहिती उघडून दोन ओळी बघा: रीअलोकेटेड सेक्टर (खराब म्हणून बदललेले भाग) आणि करंट पेंडिंग सेक्टर (नीट वाचता न आलेले भाग). पेंडिंगचा आकडा शून्य नसेल तर आधी डेटा बाहेर काढा. अशा वेळी दुरुस्तीचे प्रोग्राम पुन्हा पुन्हा चालवणे म्हणजे मरणाऱ्या डिस्कला आणखी पळवणे.

रॅम घेताना दुकानदाराला नुसते ‘डीडीआर-३’ सांगू नका. डीडीआर-३ दीड व्होल्टवर चालते आणि डीडीआर-३-एल १.३५ वर, दोन्हींना पिना २०४, दोन्ही खाचेत बसतात. इंटेलच्या चौथ्या पिढीच्या लॅपटॉपांना १.३५ व्होल्टचीच लागते, दुसरी टाकली की पडदा काळा. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीला दोन्ही सहसा चालतात, त्यामुळे शंका असेल तर एल घ्या. पिढी ओळखायला स्टिकरवरचा आकडा पुरतो: आय-५ २५२०एम म्हणजे दुसरी, आय-५ ८२५०यू म्हणजे आठवी, आणि तीनच आकडे असतील तर पहिली. चार जीबी हवीच, आठ असेल तर उत्तम. ३२ बिटची छोटी नेटबुके मात्र सोडून द्या. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ या लिनक्सच्या प्रकाराने ३२ बिटच्या मशीनवर टाकायची सोयही काढून टाकली. तिथे वेळ घालवण्यात अर्थ नाही.

यानंतर सिस्टीम. लिनक्स मिंट २२ ची एक्सएफसीई (हलक्या डेस्कटॉपची) आवृत्ती या भागातल्या मशीनांना मानवते. तिला किमान दोन जीबी रॅम लागते, चार असेल तर सुखाने चालते, आणि अपडेट २०२९ पर्यंत मिळतील. आठ जीबीचा पेनड्राइव्ह, त्यावर रूफस या विंडोजवरच्या मोफत प्रोग्रामने मिंटची उतरवलेली फाइल लिहा. लिहिण्याआधी फाइलचा शा-२५६ आकडा (फाइल पूर्ण उतरली का हे सांगणारी खूण) संकेतस्थळावरच्या आकड्याशी ताडून पाहा, कारण अर्धवट उतरलेली फाइल सुरू होते आणि मधेच अडकते. पेनड्राइव्हवरून सुरू करताना दाबायचे बटण: लेनोवो, डेलला एफ-१२, एचपीला एफ-९. आधी न टाकता पेनड्राइव्हवरूनच चालवून बघा: आवाज, कॅमेरा, वायफाय, झाकण मिटून पुन्हा उघडल्यावर जागे होणे. ब्रॉडकॉमचे वायफाय कार्ड असेल तर ते पहिल्यांदा दिसेलच असे नाही. मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (मोबाइलचे इंटरनेट लॅपटॉपला देणे) सुरू करा, ड्रायव्हर मॅनेजर उघडा, ड्रायव्हर तो स्वतः आणतो.

एक धोका ठळक सांगायला हवा. मिंट टाकताना ‘इरेज डिस्क’ हा पर्याय निवडला की सी ड्राइव्हबरोबर डी ड्राइव्हही जातो. ‘फोटो डी मध्ये आहेत, ते राहतील’ या समजुतीने अनेकांच्या लग्नाचे अल्बम गेले आहेत.

लिनक्स सगळ्यांसाठी नाही हेही लिहिले पाहिजे. सेतू केंद्रातले अंगठ्याचे यंत्र, डिजिटल सहीचे टोकन, कृतिदेव किंवा श्रीलिपी या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटांत वर्षानुवर्षे साठवलेले दस्तऐवज: यांचा गाडा बहुधा विंडोजवरच चालतो. अशा ठिकाणी एक मशीन विंडोजचे ठेवा आणि बाकीची बदला. युनिकोडमध्ये मराठी टाइप करणाऱ्यांना काहीच अडचण नाही. यूट्यूब अडखळत असेल तर दर्जा ४८० वर आणा: जुन्या ग्राफिक्स चिपला व्हीपी-९ प्रकारचा व्हिडिओ स्वतः उलगडता येत नाही, सगळा भार प्रोसेसरवर येतो. धडगाव-अक्कलकुव्याच्या ज्या शाळांत रेंजच नाही, तिथे किविक्स हे वाचनाचे ॲप टाकून मराठी विकिपीडिया एकदाच उतरवून ठेवता येतो. मग तो इंटरनेटशिवाय चालतो.

वीज हा आपल्याकडचा वेगळा विषय. अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेले असते, त्यामुळे कमी दाबाने तो सहसा जळत नाही. जळतो तो न्यूट्रल तुटून घरात चारशेच्या जवळ व्होल्टेज आल्यावर. नवा घेताना व्होल्ट तंतोतंत तेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त. बॅटरी दहाच मिनिटे टिकत असेल तरी काढून टाकू नका. लोडशेडिंगमध्ये तीच तुमची यूपीएस. पण फुगलेली बॅटरी लगेच काढा, टोचू नका, घंटागाडीत टाकू नका, बॅटरी परत घेणाऱ्या केंद्राकडे द्या. घड्याळ सारखे जुन्या तारखेवर जात असेल आणि ब्राउझर प्रत्येक साइट असुरक्षित म्हणत असेल, तर दोष इंटरनेटचा नाही, बोर्डावरचा सीआर २०३२ सेल संपला आहे. लॅपटॉपमध्ये तो बहुधा वायरच्या कनेक्टरसह येतो, तसाच मागा.

अडले की इंटरनेटवर विचारायला लिनक्सवाल्यांचे गट भरपूर आहेत आणि मदत मिळतेही. पण ‘लॅपटॉप चालत नाही, काय करू’ असे विचारणाऱ्याला उत्तर मिळत नाही. मॉडेल नंबर, नेमका कुठला संदेश पडद्यावर आला (फोटो चालेल), त्याआधी काय बदलले, आणि मिंटच्या सिस्टीम रिपोर्टमधली माहिती जशीच्या तशी टाका. सीरिअल नंबर तेवढा खोडा. सुटले तर कशाने सुटले तेही तिथेच लिहा; पुढचा माणूस तेच शोधत येतो.

शेवटी कार्यालयांना आणि बँकांना विनंती. निर्लेखन करून (जुने म्हणून नोंदीतून काढून) लॅपटॉप शाळांना देता, ही चांगली गोष्ट, पण ते अनेकदा निरुपयोगी अवस्थेत येतात. डेटा जावा म्हणून हार्डडिस्क काढता तेव्हा तिची चौकट आणि कनेक्टरही सोबत जातो, आणि तो त्या मॉडेलचाच लागतो. डिस्क फक्त काढा, चौकट मशीनमध्ये राहू द्या. डिस्कसकट देणार असाल तर हार्डडिस्कवर एकदा पूर्ण शून्ये लिहून घ्या. एसएसडी असेल तर बायोसमधला किंवा कंपनीचा सिक्युअर इरेज वापरा, कारण तिच्यावर नुसते वरून लिहिल्याने सगळे पुसले जात नाही. अडॅप्टर सोबत द्या. आणि बायोसचा पासवर्ड काढून द्या. कार्यालयीन वापराच्या बऱ्याच लॅपटॉपांत तो बोर्डावरच्या वेगळ्या चिपमध्ये असतो, सेल काढल्याने जात नाही, आणि तो माहीत असलेला माणूस तोवर बदली होऊन गेलेला असतो.

आपले,
जुने संगणक दुरुस्त करणारे काही वाचक, जळगाव व धुळे